तळघरातली पाच झाडं आणि एक तुळस

५ ऑक्टोबर, रविवार

पाचही कुंड्या काट्यावर चढवल्या. चार कुंड्या सहा किलोच्या आसपास, तिसरी मात्र सात किलो दोनशे! म्हणजे पाणी मुरतच नाहीये. मुळं गुदमरतायत. पानं हिरवीगार, पण मान टाकलेली.

चूक क्र. १ – रोज पाणी घालणे. उन्हाळ्यातलं पहिलं पीक याच चुकीनं अर्धं कुजवलं. आंघोळ झाली की तांब्याभर पाणी झाडाला, हे हाताला लागलेलं वळण. तुळशीला चालतं. गांजाला नाही. त्याला तहान लागू द्यावी लागते.

चाळीस वर्षं कारखान्यात क्वालिटीत काढली. दुसऱ्यांच्या चुका पकडायचा पगार मिळाला. आता स्वतःच्या लिहितोय, फुकट. वहीचा नियम एकच – चूक झाली की नंबर टाकून लिहायची, म्हणजे ती पुन्हा होत नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

सुहासिनीची संध्याकाळ वाईट गेली. दिवसभर बरी असते. खिडकीपाशी बसते, मदतीला येणारी प्रतिमा केस विंचरते तेव्हा गुणगुणतेसुद्धा. ऊन उतरलं की तिच्यात काहीतरी बिघडतं. येरझाऱ्या, दाराची कडी ओढणं, सँडल शोधणं. "घरी जायचंय. आमचे हे वाट बघत असतील."

म्हटलं, "अगं, मीच तुझा हा. मोरेश्वर."

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही चांगले आहात हो काका. पण ते उंच आहेत."

उंच! पंचेचाळीस वर्षांच्या संसारानंतर! आधी हसू आलं. मग बाथरूममध्ये जाऊन रडलो. वहीपासून काय लपवायचं.

डॉक्टरांनी याच संध्याकाळच्या तळमळीसाठी तिचं गांजाचं सरकारी कार्ड करून दिलं. दुकानातले थेंब दिले तर ती घास तोंडात धरून तासभर भिंतीकडे बघत राहिली. म्हणून घरचं. कार्डावर पाच झाडं चालतात, कुलूपबंद खोलीत. नेपरव्हिलमधला बहात्तर वर्षांचा म्हातारा, तळघरात गांजा पिकवतोय! सांगलीत कळलं असतं तर वडिलांनी उभा चिरला असता.

११ ऑक्टोबर, शनिवार

बॉथेलहून स्वानंदीचा व्हिडिओ कॉल. "बाबा, ऑनेस्टली सांगा, तुम्ही एकटे मॅनेज करू शकताय? मी दोन प्लेसेस शॉर्टलिस्ट केल्यात. मेमरी केअर. थँक्सगिव्हिंगला येते, तेव्हा डिसाइड करू."

प्लेस म्हणे! आईला ठेवायची जागा. मी चिडून बोलून गेलो – थँक्सगिव्हिंगपर्यंत तिची संध्याकाळ शांत करून दाखवतो. नाही जमलं तर तू म्हणशील तसं.

सात आठवडेही नाहीत. तोंडाला काही लगाम?

उन्हाळ्याच्या पिकातलं मूठभर वाचलं होतं, ते साजूक तुपात कढवून बरणीत भरून ठेवलंय. तेवढं तोपर्यंत पुरेल. त्यापुढचं सगळं या पाच झाडांवर.

१२ ऑक्टोबर, रविवार

झाडं फुलोऱ्यावर घातली. आता बारा तास दिवा, बारा तास मिट्ट काळोख. काळोखात दाराची फटसुद्धा चालत नाही, झाडं बिथरतात. मी उलटं लावलंय – संध्याकाळी सहाला दिवा लागतो, सकाळी सहाला विझतो. रात्री तळघर गारठतं, तेव्हा दिव्याची ऊब मिळते. म्हणजे बाहेर दिवस असतो तेव्हा आमच्या तळघरात रात्र असते.

कुलूप नवीन आणलं. किल्ली एकच. ती जानव्याला बांधली. वडील तिजोरीची बांधायचे तशी. सुहासिनीच्या हाती लागायला नको. काड्यापेटीही तिच्यापासून लपवून माझ्याच खिशात असते.

थंडी पडायच्या आत डेकवरची तुळसही खाली आणली. वरची माती बदलली. दर हिवाळ्यात मरते, या वर्षी आयता दिवा आहे तर जगेल. पाच गांजा आणि एक तुळस, शेजारीशेजारी! सुहासिनी पूर्वीची असती तर मला कुंड्यांसकट बाहेर काढलं असतं.

२० ऑक्टोबर, सोमवार

चूक क्र. २ – पुडीवर लिहिलंय तेवढं पूर्ण खत घातलं. पानांची टोकं करपली. घालणाऱ्याला वाटतं, जास्त घातलं म्हणजे जास्त माया.

आजपासून तूप सुरू. बरणीचं वजन झाकणासकट ४१२ ग्रॅम. रोज संध्याकाळी मऊ भातावर अर्धा चमचा. वहीच्या शेवटच्या पानावर तक्ता आखला. दिलं की खूण करायची.

२७ ऑक्टोबर, सोमवार

आठवडा झाला. फरक शून्य. आज तिनं दाराच्या काचेवर डोकं आपटलं. कपाळाला टेंगूळ.

२ नोव्हेंबर, रविवार

घड्याळं एक तास मागे. मी शिस्तीत टायमरही मागे केला – आणि झाडांना तेरा तास उजेड दिला! चूक क्र. ३. झाडांना सरकारचं घड्याळ कळत नाही. सुहासिनीलाही नाही. काल पावणेसहाला सुरू झाली होती, आज पावणेपाचलाच "घरी जायचंय".

आजपासून तुळशीची लग्नं. पूर्वी ती आठ दिवस आधी इंडियन ग्रोसरीत ऊस सांगून ठेवायची. दोन कांडं मिळायची, त्यातलं एक मी गाडीतच सोलून खायचो, शिव्या खायचो. या वर्षी तुळस खाली अंधारात उभी. निदान तिन्हीसांजेला तिच्यापाशी दिवा लावावा असं फार वाटलं. पण त्या वेळी दार उघडायची सोय नाही. झाडं बिघडतील.

मन घट्ट केलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सुहासिनी शांत! काल शांत, आज शांत!

चारच्या सुमाराला सोफ्यावर जरा टेकलो होतो. डोळा लागला. उठलो तर सहा वाजलेले, बाहेर अंधार. धसकलोच – दार, कडी, सँडल! तर ही समोरच्या खुर्चीत बसलेली, हात मांडीवर, चेहरा धुतल्यासारखा. कपाळावर कुंकू.

प्रतिमा तीनला जाते. कुंकवाचा करंडा मी वरच्या फळीवर ठेवलाय, हिचा हात पोचत नाही. स्टुलावर चढली? पडली असती तर? पण लावलं! दोन वर्षांनी स्वतःहून कुंकू लावलं! तूप लागू पडलं. स्वानंदीला लगेच मेसेज केला.

९ नोव्हेंबर, रविवार

आजही शांत. खूण केली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

शांत. दुपारी मात्र मला भलती झोप येते. चारला टेकतो, सहाला उठतो. आज उठलो तेव्हा उजव्या हाताच्या बोटाला काजळी. सकाळी तवा घासला होता, त्याची असेल.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सहाला दिवा लागल्यावर खाली गेलो. कुलूप काढलं, दार लोटलं, आणि वास आला. गांजाचा नव्हे, त्याची आता नाकाला सवय झालीय. तेलाचा. विझलेल्या वातीचा.

तुळशीच्या कुंडीत अर्धी जळलेली वात. खोडाशी हळदकुंकू, ताजं.

आधी म्हटलं, मागच्या वर्षीची वात असेल. पण वरची माती मीच बदलली होती. बदलल्याचं वर लिहिलेलं आहे. निरांजन देवघरात जागच्या जागी. शर्टाच्या आत हात घालून किल्ली चाचपली. होती.

पंखा फिरत होता, पाचही झाडं एका दिशेला हलत होती. तुळस कोपऱ्यात, तिच्यापर्यंत वारा पोचत नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

चूक क्र. ४ – काळोखात कुठूनतरी उजेड शिरतोय. दोन झाडांच्या फुलांत बारीक पिवळी, केळ्यांसारखी बोंडं दिसली. ती नराची खूण. माझी पाचही झाडं मादी आहेत. पण अंधारात कोणी रोज उजेड दाखवला तर मादी झाडच घाबरून नराची फुलं काढतं, आणि मग सगळ्या फुलांत बी धरतं. बी धरलं की पीक गेलं.

उजेडाची फट शोधायची पद्धत ठरलेली. सकाळी अकराला प्रतिमाला वर सुहासिनीपाशी बसवलं आणि झाडांच्या बाजूला स्टूल टाकून दार लावून अंधारात बसलो. डोळे सरावायला दहा मिनिटं लागतात. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. कुठेही ठिपकाभर उजेड नाही. माझा स्वतःचा हात दिसत नव्हता.

मग पायऱ्यांवर पावलं वाजली. हळू, एकेक. दाराशी येऊन थांबली.

"प्रतिमा?" उठून दार उघडलं. सुहासिनी. प्रतिमा चहा टाकायला गेली तेवढ्यात उतरली असणार. माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या मागच्या अंधाराकडे बघत होती. म्हणाली, "इतक्यात नाही. अजून वेळ आहे."

"कशाला वेळ आहे?"

"तुम्हाला माहितेय की," असं म्हणून हसली. ओळखीचं हसली! किती दिवसांनी. आणि मी आनंदानं तिचा हात धरायच्या ऐवजी कुलूप लावून किल्ली दोनदा चाचपली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

चूक क्र. ४ – काळोखात उजेड शिरतोय. आज पहिल्यांदाच दोन झाडांत पिवळी केळी दिसली. पाचही झाडं मादी असताना! फट शोधायला हवी. सोमवारी प्रतिमा आली की अंधारात बसून बघतो.

१७ नोव्हेंबर, सोमवार

फट शोधायला बसण्याआधी वही उघडली. चार नंबरची चूक दोनदा लिहिलेली आहे. शुक्रवारी आणि शनिवारी. शुक्रवारी मी अंधारात बसलो होतो असं शुक्रवारच्या पानावर आहे. अक्षर माझंच, पेन माझंच.

झोप कमी पडतेय. नाही, झोप तर जास्तच होतेय.

प्रतिमाला विचारलं, तळघरात गेली होतीस का? "मी कशाला जाऊ काका? आणि किल्ली तर तुमच्या गळ्यात." मग म्हणाली, "काका, ताट ठेवा ना. तुमचं जेवण झालं मघाशी." मी वसकन ओरडलो तिच्यावर. मला वेड लावतेस का म्हणालो. नागपूरची लेकीच्या वयाची पोर, डोळ्यांत पाणी आलं तिच्या. माफी मागितली. सिंकमध्ये खरंच एक उष्टं ताट होतं. भात आणि पिठलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

वातीचं सांगितल्यावर स्वानंदीनं कॅमेरा पाठवला. अंधारातही दिसतं म्हणे, झाडांना त्रास न देता. दाराकडे तोंड करून बसवला. मला ते ॲप काही जमेना. "असू दे बाबा, मी माझ्या फोनला लिंक करते. कोणी आलं की मला अलर्ट येईल."

मी म्हटलं, कोण येणार? किल्ली एकच आहे.

"तेच तर बघू," म्हणाली.

सुहासिनी शांत. आज केसात तुळशीचं पान अडकलेलं होतं. काढून मुठीत धरलं आणि कुठे ठेवावं तेच कळेना.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

उठलो तर सहा. खिशातल्या काड्यापेटीत काल बावीस काड्या मोजून ठेवल्या होत्या. आज एकवीस.

२२ नोव्हेंबर, शनिवार

स्वानंदीला मीच फोन लावला. कॅमेऱ्यात काही दिसलं का? स्क्रीनवर तिचे डोळे सुजलेले. "बाबा, जेवलात? औषधं घेतलीत?" म्हटलं, मी काय विचारतोय? "मी येतेय ना. गुरुवारची वाट बघत नाही, मंगळवारीच येते."

"अगं पण दिसलं कोण?"

"बाबा प्लीज. आल्यावर बोलू."

कोण असेल एवढं, की लेकीला बापाला सांगवत नाही?

२३ नोव्हेंबर, रविवार

तुपाची बरणी काट्यावर ठेवली. ४१२ ग्रॅम.

काटा शून्यावर आणून पुन्हा ठेवली. ४१२. झाकणाला मी गुंडाळलेली टेप जशीच्या तशी. फोडलेलीच नाही.

मागच्या पानावर चौतीस खुणा. वीस ऑक्टोबरपासून कालपर्यंत, एकही दिवस चुकलेला नाही. सगळ्या माझ्या हातच्या. आणि चमचाभर तूप तिच्या पोटात गेलेलं नाही.

चाळीस वर्षं मी लोकांना सांगायचो, कागदावरच्या खुणेवर विश्वास ठेवू नका, माल उघडून बघा.

मग ती शांत कशानं होते? कोण करतंय तिला शांत, माझ्या घरात, मी झोपलेला असताना? आज टेकायचं नाही असं ठरवलं. खुर्चीत ताठ बसून राहिलो, समोर घड्याळ. साडेचार वाजल्याचं आठवतं. त्यानंतरचं सहाचं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

एक फूल तोडून कागदावर चोळलं. बी. दुसरं – बी. पाचही झाडं बियांनी भरलीत. पीक गेलं.

चूक क्र. ५ – आणि पुढे काय लिहू? चूक लिहायला ती कोणाची ते माहीत हवं. तुळस मात्र कधी नव्हे इतकी फुटलीय. मंजिऱ्यांनी वाकलीय.

घाबरतोय मी. भुताला नाही. स्वानंदी आईला घेऊन जाईल, आणि मग संध्याकाळी या घरात मी आणि तो, जो कोणी आहे तो, दोघंच उरू.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

स्वानंदी आली. दारातच आईला मिठी मारली, मग मला. मला जरा जास्त वेळ.

सुहासिनी तिला म्हणाली, "बसा हं. आमचे हे येतीलच." स्वानंदीनं माझ्याकडे बघितलं आणि पटकन मान फिरवली.

सरळ विचारलं, त्या दोन प्लेसेसचं काय? "कॅन्सल केलं बाबा." जिंकलो! टाळी वाजवणार होतो. पण जिंकल्यावर समोरच्याचा चेहरा असा नसतो. "आता वेगळं काहीतरी बघावं लागेल," एवढंच म्हणाली.

तळघराची किल्ली काढून द्यायला लागलो. काय ते तूच बघ, म्हटलं. तिनं माझा हात धरला. "राहू दे. तुमच्याच गळ्यात राहू दे. व्हिडिओ उद्या सकाळी दाखवते, दोघं बसून बघू."

२६ नोव्हेंबर, बुधवार

व्हिडिओ पाहिला. पाचही दिवसांचे. सगळे सारखेच.

पावणेपाच. दार उघडतं. पुढे सुहासिनी, हातात निरांजन, दुसऱ्या हातानं तिनं कोणाचं तरी मनगट धरलंय. "हळू. इथे पायरी आहे." मागून मी येतो. डोळे उघडे. किल्ली माझ्या गळ्यात लोंबतेय. ती कुंडीपाशी निरांजन ठेवते, वात सारखी करते, "काडी ओढा" म्हणते. मी ओढतो.

उजेडात मी झाडांकडे बघतो, मग तिच्याकडे. माझाच आवाज आहे, स्वच्छ ऐकू येतो. "बाई, कोणाची हो ही झाडं?"

ती म्हणते, "आपलीच आहेत. हात जोडा."